शटर वाजवू नये

प्रिय अवधूत,

पाकिटावर माझं अक्षर बघून दचकू नकोस. मी ठणठणीत आहे. गुडघे कुरकुरतात, पण ते तुझ्या मुंजीपासून कुरकुरतायत. लोणी काळभोर काही विलायतेत नाही, स्वारगेटहून बस पकडली की तुझ्या दारात उभी राहीन, हे मलाही कळतं. पण फोनवर तिसऱ्या वाक्याला तुझं लेक्चर सुरू होतं. आणि समोर आले तर मी रडेन, तू आल्याचा चहा करून देशील आणि विषय तिथेच संपेल. म्हणून पत्र. याला मधेच 'ठेवतो गं' म्हणता येत नाही.

आधी बातमी सांगते. बाबांचं बुधवार पेठेतलं दुकान शेवटी भाड्याने दिलं. मोबाइलची कव्हरं विकणारे एक गृहस्थ आहेत, बोलायला गोड वाटले. किल्ली द्यायला शेजारच्या पुस्तकवाल्या श्यामसुंदरभाऊंना बरोबर घेऊन गेले. रेडिओ-टेपचे उरलेले सुटे भाग भंगारात गेले. दुरुस्तीचं टेबल मात्र मी घरी आणलं, तुझ्या जुन्या खोलीत ठेवलंय. त्याच्या उजव्या कडेला काळे चट्टे आहेत, आठवतात का? सोल्डरिंग करणाऱ्या माणसाचं टेबल असंच असायचं, असं आपण धरून चाललो होतो. ते चट्टे झोपेचे आहेत रे. तापलेली सोल्डरिंग गन हातात असतानाच त्यांना डुलकी लागायची, हात खाली यायचा आणि लाकूड जळल्याच्या वासाने जाग यायची. एकदा मांडी भाजली, तर घरी येऊन सांगितलं की गिऱ्हाइकाचा चहा सांडला. खरं काय ते मला श्यामसुंदरभाऊंकडून कळलं, तेही बाबा गेल्यावर.

पण दुपारी पेंगणाऱ्या माणसाला पुण्यात आजारी कोण म्हणणार? इथे न झोपणाऱ्याकडेच लोक संशयाने बघतात. बाबांची पाटी तर सगळ्या पेठेत प्रसिद्ध होती: 'दुकान १ ते ४ बंद. शटर वाजवू नये. वाजवल्यास दुकान उघडेल, माल मिळणार नाही.' दगडूशेठच्या दर्शनाला आलेले लोक वाकडी वाट करून त्या पाटीचा फोटो काढायचे आणि बाबा आतमध्ये अर्ध्या शटरमागे घोरत पडलेले असायचे. तुझ्या कॉलेजच्या मित्रांना तूच कौतुकाने ती दाखवायला नेलं होतंस. नाटकाला नेलं की तिसरी घंटा व्हायच्या आत यांची मान छातीवर. एकदा तर रंगमंचावरचा नट वाक्य अर्धवट सोडून 'आधी त्यांचं होऊ दे' म्हणाला, आणि अख्खं थिएटर हसलं. घरी येईपर्यंत मीही हसत होते. आमच्याकडे झोप म्हणजे स्वभाव होता. रोग आहे असं कुणाच्या ध्यानीमनी नव्हतं.

रात्रीच्या त्या आवाजाला तू लहानपणी मालगाडी म्हणायचास. ती मालगाडी मधेच थांबायची, हे तुला माहीत नाही, कारण तू भिंतीपलीकडे झोपायचास. एकदम सगळं शांत. छाती हलतेय, पण वारा आत जात नाही. मी हात लांब करून त्यांचा दंड हलवायचे. मग एक हिसका, मोठा श्वास, आणि गाडी पुढे. पुढेपुढे मला जागंही व्हावं लागायचं नाही, झोपेतच हात आपोआप जायचा.

बी.पी.च्या गोळ्या वाढत गेल्या आणि बी.पी. काही ढिम्म खाली येईना, तेव्हा नव्या डॉक्टरीणबाईंनी यांना सोडून प्रश्न मलाच विचारले. घोरतात का, मधे थांबतात का, सकाळी डोकं दुखतं का. बोटाला चिमटा, छातीला पट्टा आणि नाकाशी नळी लावून एक रात्र तपासणी झाली. मग त्यांनी नीट समजावलं. झोपेत घसा सैल पडून मिटतो, रक्तातला प्राणवायू उतरतो, मेंदू घाबरून माणसाला अर्धवट उठवतो, की पुन्हा तेच. रात्रभर. सकाळी माणसाला वाटतं आपण छान आठ तास झोपलो. त्या झोपेचा सगळा भार हृदयावर आणि मेंदूवर पडतो, ठोके चुकतात, पक्षाघात होऊ शकतो, साखर वाढते, आठवण मंदावते, चालत्या गाडीत डोळा लागतो. याला स्लीप ॲप्निया म्हणतात. मी म्हटलं, आम्ही याला वामकुक्षी म्हणत होतो.

मशीन आलं. नाकावर मास्क, त्यातून सारखी हवा आत जाते आणि घसा मिटत नाही. पहिल्या आठवड्यात बाबांनी त्याला जेवढी नावं ठेवली तेवढी कुठल्या सरकारलाही ठेवली नसतील. मग एका सकाळी माझ्या आधी उठून त्यांनी दूध तापवलं. अवधूत, त्यानंतरचे काही महिने मला पुन्हा कुणी देऊ शकणार नाही. त्यांचं वजन जरा उतरलं, चिडचिड गेली. आम्ही एक अख्खं नाटक पाहिलं, आणि परत येताना रिक्षात ते मला त्यातल्या चुका सांगत होते. मला वाटलं, हा माणूस इतकी वर्षं कुठे होता? माझ्याच शेजारी होता, पण दमलेला.

दुपारी मात्र मास्क नाही म्हणजे नाही. डॉक्टरीणबाई सांगून थकल्या, मी सांगून थकले, की झोप कुठलीही असो, मास्क हवाच. यांचं उत्तर ठरलेलं. म्हणे, दुकानात सोंड लावून झोपलो तर दगडूशेठची रांग इकडे वळेल. पुढे हिवाळ्यात सर्दी झाली, नाक चोंदलं, म्हणून रात्रीचा मास्कही चार दिवस बाजूला ठेवला. सर्दी गेली, मास्क बाजूलाच राहिला. आता बरं वाटतंय की, म्हणायचे. बरं त्या मशीनमुळेच वाटत होतं, हे बोलून मी तोंड वाजवलं, भांडले, एक दिवस जेवले नाही. पुणेरी माणसाला त्याच्या हिताचं सांगून बघावं एकदा कुणी.

त्या दिवसाचं तुला अर्धंच माहीत आहे. तुला फोन आला तेव्हा सगळं होऊन गेलं होतं. चार वाजले, शटर वर गेलं नाही. श्यामसुंदरभाऊंनी पाहिलं आणि मनात म्हणाले, आज शेठ खुशीत आहेत. साडेचारला एक गिऱ्हाईक आलं, पाटी वाचून हसलं आणि निघून गेलं. शटर अर्धं उघडं होतं, अवधूत. कुणीही वाकून आत बघितलं असतं. पण इतक्या वर्षांत ती पाटी मोडायची कुणाची हिंमत झाली नव्हती, आणि श्यामसुंदरभाऊंनी पूर्वी एकदा शटर वाजवून चांगलीच बोलणी खाल्ली होती. पाच वाजून गेल्यावर त्यांनी वाजवलं. मग ते वाजवतच राहिले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हृदय बंद पडलं, लवकर कळलं असतं तरी वाचले असते की नाही हे कुणीच सांगू शकणार नाही. बरोबर आहे त्यांचं. पण किल्ली देताना श्यामसुंदरभाऊ ती पाटी स्वतः काढायला गेले, तर एक खिळा काही निघेना, आणि तो साठीचा माणूस भर रस्त्यात हुंदके देऊन रडला.

आता तुझं. माझ्या सुनेवर, सलोनीवर रागावायचं नाही, आधीच बजावते. हडपसरपुढे तुझ्या गाडीला कुत्रं आडवं आलं नव्हतं, तुझा डोळा लागला आणि गाडी दुभाजकावर गेली, हे तिने मला सांगितलं. शेजारी ती बसली होती, तिला कुत्रं दिसलं नाही. तू तपासणी टाळतोस आणि 'बाबांसारखा घोरतो, खानदानी आहे' म्हणून हसतोस, हेही सांगितलं. बिचारीने तुझ्या घोरण्याचं रेकॉर्डिंग करून मला पाठवलं. सोमवारी दुपारी जेवण करून मी आडवी झाले होते, फोन उशाशी ठेवून ते लावलं. आणि तुला खरं सांगू? मला आनंद झाला. वर्ष होऊन गेलं रे ती मालगाडी ऐकून. तोच सूर, तोच मधला खर्ज. डोळे मिटून ऐकत राहिले, क्षणभर घर भरल्यासारखं वाटलं. मग आवाज थांबला. आणि माझा हात आपोआप बाजूला गेला, दंड हलवायला. गादी गार होती. हात तिथेच राहिला, आणि फोनमध्ये तू श्वास घेत नव्हतास.

पुढच्या गुरुवारी डॉक्टरीणबाईंची वेळ घेतली आहे. बाबांचं मशीन तुला परस्पर लावायचं नाही, हवेचा दाब ज्याचा त्याचा वेगळा असतो, हे मी विचारून ठेवलंय. कदाचित तुला मशीन लागणारही नाही. पोट उतरवून, कुशीवर झोपून, दातांत बसवायच्या साच्याने भागेल, काहींना ऑपरेशन लागतं. ते त्या ठरवतील. तोवर गाडी सलोनी चालवेल. तुझ्या घराला शटर नाही आणि दारावर पाटीही नाही, त्यामुळे तू आला नाहीस तर शुक्रवारी सकाळी मी येऊन दार बडवीन, सगळी सोसायटी गोळा झाली तरी थांबणार नाही. चहा करू नकोस. फक्त उठून दार उघड, बाळा.

तुझीच,
आई