तुमचा चाकू धर्मेंद्रले काहून?

तीर्थरूप देवरावकाकाच्या पायावर हैदराबादेहून कुंदनचं डोकं. (पाय पाचशे किलोमीटर दूर हायेत, म्हनून कागदावरच टेकवलं समजा.) मी इकडे बरा आहे. तुमच्या गुडघ्याचं काय झालं, तेल लावता की नाई, अन् मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर दर्यापूरच्या बाजारात मानसं दुरून ओळखू येतात की नाई, ते कळवजा. शकुनकाकूले नमस्कार. त्यांच्या हातच्या पातोडीच्या रश्श्याची याद येते. (तो रस्सा आजकाल कोन ओरपते, तेही मले मालूम आहे.)

मोबाइल असून पत्र काहून, असं तुमाले वाटन. फोनवर तुमी दर दोन मिन्टानं, थांब जरा, धर्मेंद्र काई म्हनून राहिला, असं म्हनता अन् मी थांबतो. कागदावर मले थांबवता येत नाई, म्हनून कागद.

तर काका, तुमी लाकूड कोरायचं काम सोडलं अन् तुमचा तो बारीक कामाचा चाकू धर्मेंद्रले देल्ला, हे मले काकूकडून समजलं. मले काई वाईट वाटलं नाई. त्या दिवशी फक्त जेवलो नाई, अन् दुसऱ्या दिवशी चार मानसाचं जेवलो. चाकू तुमचा, तुमी कोनालेही द्या. पन आमी दोघं एकाच वर्षी तुमच्या ओसरीवर शिकायले आलो, मी आठवीतून पळून अन् तो दहावी नापास होऊन. म्हनजे शाळा मी दोन वर्ष आधी सोडली. सिनियर कोन, ते तुमीच सांगा.

तेही मी सोडून देल्लं असतं. पन मंग तो फोटो आला. धर्मेंद्रचा तान्ह्या पोळ्याचा बैल, अमरावतीच्या प्रदर्शनात, गळ्यात गोंड्याची माळ, अन् बाजूले धर्मेंद्र, त्याच्या गळ्यातही माळ. (कोनता बैल हे ओळखायले मले टाइम लागला.) हा फोटो मले सात जनानं पाठवला, त्यात माझी सख्खी बहीन. मी तो बोटानं मोठा करून करून पायला. दुसरे कारागीर लेकराइच्या लाकडी बैलाचे डोळे रंगानं काढतात, तुमी एकटेच कोरत होते, पापनीसकट. त्या बैलालेही पापनी होती. खालची सुद्धा. मी म्हनलं, हा हात धर्मेंद्रचा असूच शकत नाई. त्याले मी ओळखतो, तो पोळीचा तुकडा सरळ तोडत नाई. हे काम चाकूचं आहे.

मंग मी ठरवलं की आपनही तसाच चाकू घ्यायचा, तसाच बैल करायचा, अन् पुढच्या प्रदर्शनात धर्मेंद्रच्या बाजूले नेऊन ठेवायचा.

एक गोष्ट आधी कबूल करतो. घरी मी सांगून ठेवलं की हैदराबादेत मी दरवाजावर नक्षी कोरतो. नक्षी मशीन कोरते काका. कांप्युटरमधी मोर टाकला की दरवाजावर मोर निघते, मी पॉलिश पेपरनं त्या मोराचं बूड घासतो. दोन वर्षात हजार मोर घासले असतीन, एक कोरला नाई. म्हनून चाकू घेताना मी जरा घाई केली.

पयला चाकू बाजारातून आनला, वीतभर पात्याचा. दिसायले जबरदस्त. पन बैलाच्या नाकपुडीत टोक घालावं तर मूठ कुठी अन् टोक कुठी, जसं दर्यापुरात बसून अकोल्याची बत्ती बंद करून राहिलो. दुसरा मोबाइलवरून मागवला, बारा चाकूचा सेट, आत मखमल. त्याइचं टोक सुईसारखं, म्हनून मी खुश झालो, अन् पयल्याच डोळ्यात टोक मोडून आतच राहिलं. त्या बैलाले आता खरंच मोतीबिंदू आहे. (तुमाले नाई म्हनून राहिलो.) बाकीच्या अकरानं आमी कांदे कापतो. तिसरा मी सोता बनवला, लोखंड कापायच्या जुन्या एक्सा ब्लेडचा, ग्राइंडरवर. ब्लेड निळं पडेपर्यंत घासलं, मले वाटलं रंग चांगला आला. ते तापून नरम झालेलं लोखंड होतं. सागावर दाबलं तर सागाले काई झालं नाई, चाकू वाकला.

चौथा मात्र जमला. पातं अंगठ्याच्या दोन पेराएवढं, टोक बारीक पन मांग जाड, मूठ शिवनीच्या लाकडाची अन् मुठीत मावनारी, दर अर्ध्या तासानं चामड्याच्या पट्ट्यावर फिरवली की धार परत. ब्लेड या खेपेले पान्यात बुडवत बुडवत घासलं. अन् पात्याले उतार एकाच अंगानं, अगदी तुमच्या चाकूसारखा. तुमी मले तो चाकू कदी हातात घेऊ देल्ला नाई, (धर्मेंद्रले देत होते की नाई ते मी इचारत नाई,) पन तुमच्या समोर बसून पाच वर्ष मी पातं पायलं, उतार कोनत्या अंगाले आहे ते मले पाठ होतं.

तरी डोळा निघेना. रेघ सुरू केली की पातं आत घुसे. बुबुळ काढायले गेलो अन् गाल निघाला. तीन बैल बिघडवले. शेवटी मन मारून धर्मेंद्रलेच फोन केला, सहज, पावसापान्याचं बोलत बोलत इचारलं. तो काय म्हनला असन?

"अबे कुंदन, चाकूत काय ठेवलं? हात पाह्यजे हात. सुट्टीत ये, तुले शिकवतो."

शिकवतो. मले. काका, त्या रागात मी त्या दिवशी एका मोराचं डोकं घासून सपाट केलं, अन् सेठनं मले दोन दिवस भुसा भरायले लावला.

आमच्या खोलीत बाळापूरचा तनवीर आहे, पॉलिशवाला, गरीब सभावाचा. तीन दिवस तो माझी बडबड ऐकून राहिला होता. चौथ्या दिवशी त्यानं माझा चाकू घेतला, उजव्या हातात धरला, डाव्या हातात धरला, अन् इचारलं, "तेरे काका कौनसे हाथ से काम करते?"

मी म्हनलं, डाव्या.

"और तू?"

काका, मी थंडा पडलो. तुमी डावरे आहा हे मले पयल्या दिवसापासून मालूम होतं. चाकूही डावरा असते, हे मालूम नव्हतं. एका अंगानं उतार असला की ते पातं एकाच हाताचं असते. अन् आपल्या गावात तुमच्याशिवाय डावरा कोन? तो धर्मेंद्र. त्याची माय लहानपनी त्याच्या डाव्या हातावर चिमटे काढे, तरी सुधरला नाई. म्हनजे तुमी तुमचा चाकू त्याले माया म्हनून नाई देल्ला. माझ्या हातात तो चाललाच नसता, म्हनून देल्ला. हे तुमी मले सरळ सांगितलं असतं तर माझे तीन बैल वाचले असते. (माया म्हनून नाई देल्ला ना? कळवजा.)

तरी मी हार नाई मानली. आठ दिवस डावा हात शिकवून पायला. डाव्या हातानं दाढी केली, त्याचा फोटो पाठवत नाई. मंग गुपचाप पात्याचा उतार दुसऱ्या अंगाले घासून घेतला, अन् नव्या बैलाचा डोळा असा निघाला की तनवीर त्याच्यासमोर बसून चहा प्याला. पापनीसकट काका. खालची सुद्धा.

तर आता मले कोनाचा चाकू नको, अन् धर्मेंद्रबद्दल मनात काई नाई. तब्येत सांभाळजा.

तुमचा सिनियर शागिर्द,
कुंदन

ता. क. हे पत्र तनवीर घेऊन येते. त्याले चहा पाजजा, तो सुट्टीत घरी चालला, बाळापूरहून अकोला अन् तठून जीपमधी लटकून येनार आहे. त्याच्या पिशवीत चादरीत गुंडाळलेला माझा बैल आहे.

ता. क. २. बैलाले डोळा एकच आहे. उजवा. डाव्या डोळ्याले माझा हात उलटा पडते अन् लाकडाच्या रेशा उखडतात. तठी डावराच हात लागते. तुमचे हात थरथरतात, हे काकूनं सांगितलं. तवा तो डोळा धर्मेंद्रले काढायले लावजा, तुमच्या चाकूनं. माझ्यासाठी म्हनून सांगा. मीच म्हनलो म्हनून सांगितलं तरी चालन. बैल यंदाच्या प्रदर्शनात दोघाच्या नावानं ठेवजा.

ता. क. ३. दोन डोळे सारखे निघाले तर ठीक. त्याचा खराब निघाला तर कोनता डोळा कोनाचा, ते प्रदर्शनात पाटीवर लिहून ठेवजा. माझा खराब दिसला तर पाटी नको, बैलाचं तोंड जरा भिंतीकडे करून ठेवजा.