पनवेलमधलं सर्वांत सुरक्षित लॉज

७ डिसेंबर २००८, रविवार
मुंबईवरच्या हल्ल्यापासून धंदा झोपलाय. बावीस खोल्यांपैकी तीन भरलेल्या. शशिकला म्हणते, पनवेल एसटी स्टँडसमोरच्या आपल्या सुखनिवास लॉजचा पत्ता अतिरेक्यांना देणार कोण? बायकोला बिझनेस कळत नाही. लोक घाबरलेत. घाबरलेल्या माणसाला सेफ्टी विकायची. आजपासून टार्गेट कॉर्पोरेट गिऱ्हाईक.

१२ डिसेंबर
मेटल डिटेक्टरचा दरवाजा बसवला. सेकंडहँड, पण दिसतो इंपोर्टेड. सिक्युरिटीला कोन गावचा काशिराम ठेवला. दरवाजा सगळ्यांनाच वाजतो. बांगड्यांना, पट्ट्याच्या बकलला, दुधाच्या कॅनला. काशिराम म्हणतो, शेठ, ह्यो गप बसतच नाय. म्हटलं, वाजू दे, वचक राहतो.
संध्याकाळी औषध कंपनीचा एक माणूस दारातूनच परत गेला. नक्कीच त्याच्याकडे काहीतरी असणार.

२१ डिसेंबर
कॉर्पोरेट अजून नाही. आहेत ते नेहमीचेच, गल्फवाले. एक जण कुवेतला जाणार आणि त्याला सोडायला म्हसळ्याहून अख्खी जीप. खोल्या दोन, माणसं चौदा, जिन्यात सुक्या मासळीचा वास. हल्ल्यानंतरही यांचं येणं थांबलं नाही. हेच मला खटकतं. सगळे घाबरलेत, मग हे का नाहीत?
मॅनेजर खलीलभाईंना बोलून दाखवलं. एकोणीस वर्षं माझ्याकडे आहेत. लॉज तेच चालवतात असं लोक म्हणतात. लोकांचं काय, तोंडाला कुलूप नाही. खलीलभाई म्हणाले, शेठ, ज्याचा व्हिसा आलाय त्याला घाबरायला फुरसत कुठे?
साधंच बोलले. तरी लिहून ठेवतो.

४ जानेवारी २००९
दारात बोर्ड लावला. बेवारस सामान दिसल्यास तत्काळ पोलिसांना कळवण्यात येईल. अपवाद नाही. खलीलभाईंनी बोर्ड दोनदा वाचला. मग म्हणाले, सोळा तारखेला माझा भाचा इमाद निघतोय. पहिलीच नोकरी. व्हिसाची मुदत त्याच रात्री संपते, एजंटसाठी बहिणीने होतं नव्हतं ते मोडलंय, वर कर्ज काढलंय. जरा सांभाळून घ्या, शेठ. म्हटलं, हे काय सांगणं झालं? घरचाच मुलगा.

१६ जानेवारी, शुक्रवार, दुपारी
खलीलभाईंच्या गावची, म्हसळ्याकडची, एक रीत आहे. जाणाऱ्याचं सामान उंबऱ्याबाहेर आलं की पुन्हा आत न्यायचं नाही. निघायच्या दिवशी खोके दारात आणून ठेवतात, मग सगळे मिळून नमाजला जातात आणि खोके तिथेच राहतात. हे मी इतकी वर्षं बघतोय.
आत्ता दारात तीन खोके आहेत, सुंभाने आवळलेले. जवळ कोणी नाही. सगळे जुम्म्याला गेलेत, खलीलभाईसुद्धा. बहुतेक इमादचेच असणार. पण सेफ्टी ‘बहुतेक’वर चालत नाही. काशिराम म्हणतो, शेठ, आपल्याच पोराचं हाय, मी बसतो हितं राखन. मी बोर्डाकडे बोट दाखवलं.
फोन केला.

त्याच दिवशी, संध्याकाळी सात
बॉम्बस्क्वॉड आलं. रस्ता बंद, स्टँड रिकामा. त्यांचं कुत्रं दुसऱ्या खोक्यापाशी जाऊन जे बसलं ते उठेना. लोक पळाले. मीही थोडा मागे सरकलो, रसायनीला जाणाऱ्या बसच्या पलीकडे. खोक्यांतून निघाले सुके सोडे, बोंबील आणि आईच्या हातचं लोणचं. इमाद अजून जबाबाला बसलाय. विमान आठचं.
त्याची आई पायरीवर बसून आहे. रडत नाही, माझ्याकडे बघतसुद्धा नाही. मला भीती वाटली. कशाची ते कळलं नाही.
पोलिसांनी माझी दक्षता मान्य केली. म्हणजे, पुढच्या वेळी आधी घरात विचारा, म्हणाले.
खलीलभाईंनी किल्ल्यांचा जुडगा काउंटरवर ठेवला आणि गेले. राग निवळला की सोमवारी येतील.

२२ फेब्रुवारी
आले नाहीत. म्हसळ्याच्या जीपा समोरून जातात, ब्रेकसुद्धा लावत नाहीत. काशिरामही गेला. दरवाजा आता कशालाच वाजत नाही. दिवसभर इतकं शांत असतं की जिन्यात माझीच पावलं ऐकून मी दोनदा थांबलो.
पण खचून चालणार नाही. नवी आयडिया. रोज संध्याकाळी सगळ्या खोल्यांत दिवे लावतो. गर्दी दिसली की गर्दी येते. बाहेरून एकदम हाउसफुल.

८ मार्च
मन मोठं केलं. खलीलभाईंना माफ केलं. परत या म्हणून सांगायला त्यांच्या गावच्या घरी फोन लावला. त्यांची बायको, हुस्नबानो भाभी, बोलल्या. म्हणाल्या, ते परवाच कुवेतला गेले, मजुरांच्या कॅम्पवर स्वयंपाकाला. इमादचं कर्ज फेडायचंय ना. सोडायला आम्ही गावाहून सगळे आलो होतो.
या वयात, म्हटलं. मग विचारलं, उतरलात कुठे?
म्हणाल्या, स्टेशनवर. बायकामुलं फलाटावरच झोपली. तुमच्याच दारावरून गेलो, भाईसाब. सगळ्या खोल्यांत दिवे होते. हे म्हणाले, शेठचं बरं चाललंय, अल्ला बरकत देवो. आपली अडचण नको त्यांना.
मी बरं म्हटलं आणि फोन ठेवला.
परवा लॉजमध्ये मी एकटाच होतो.