कांड्या भरणारीचा हिस्सा

मी, खाली सही करणारा विणकर, वय वर्षे पंचाहत्तर, हात थरथरत असले तरी बुद्धी शाबूत असताना, कोणाच्याही दडपणाशिवाय हे मृत्युपत्र लिहून ठेवतो. ‘आत्याला घर? बाबा, डोकं ठिकाणावर आहे ना?’ असे मुलाने विचारले. हा प्रश्न कायद्यालाही पडतो. म्हणून डॉक्टरांचा दाखला जोडला आहे.

१. मागाची खोली व तिच्यामागची राहती खोली माझी स्वकष्टार्जित आहे, असे दस्त सांगतो. ते अर्धेच खरे आहे. माझी धाकटी बहीण विधवा होऊन बाविसाव्या वर्षी येथे आली आणि त्रेचाळीस वर्षे तिने माझ्या मागासाठी सुताच्या कांड्या भरल्या. आडवा धागा नेणाऱ्या धोट्यात भरलेली कांडी नसेल तर विणकर हात बांधून बसतो. काम दोघांचे होते. मजुरी एकाच्या नावे निघे.

२. विणकर संस्थेत निवृत्तिवेतनाचा नियम ठरताना ‘मागावर बसतो तोच विणकर’ हा युक्तिवाद मी केला. यादी आटोपशीर असली तर मंजुरी लवकर मिळेल, असा माझा तर्क होता. टाळ्या पडल्या. वस्तीतील कांड्या भरणाऱ्या साऱ्या बायका यादीबाहेर गेल्या. घरी सांगितले तेव्हा बहीण म्हणाली, ‘खरंच आहे, दादा. मी कुठं विणते?’ पुढे नियम बदलावा म्हणून मी दोनदा उभा राहिलो. दोन्ही वेळा चिटणिसांनी जुने इतिवृत्त काढले : ‘अण्णा, हे तुमचंच वाक्य ना?’ माझेच होते.

३. सबब दोन्ही खोल्या बहिणीस देतो. केवळ तहहयात राहण्यासाठी नव्हे, तर विकण्याच्या हक्कासह.

४. माग मुलास. तो कापडाच्या दुकानात नोकरीस आहे. ‘सरपणाला तरी येईल,’ म्हणतो. येऊ दे. मागावरची माझी माया त्याच्यावर बोजा म्हणून ठेवीत नाही.

५. माझ्या पश्चात बहीण आधी ‘नको’ म्हणेल. हा कागद ज्यांच्याकडे राहील त्या वकीलसाहेबांनी तो नकार तीन महिने लिहून घेऊ नये.

६. लाभार्थी असल्याने तिला साक्षीदार केलेले नाही. आतला मजकूर तिला ठाऊक नाही. ‘तुझी सही यावर चालणार नाही,’ एवढेच मी म्हणालो. ती ‘बरं’ म्हणाली आणि साक्षीदारांसाठी पाणी आणायला उठली. कारण तिने विचारले नाही.

साक्षीदार : १. दाखला देणारे डॉक्टर (सही)
२. शेजारचे रंगारी (सही)

लिहून ठेवणार : विणकर (सही)
ठिकाण : राहत्या घरातील मागाची खोली
दिनांक : ९ नोव्हेंबर २०२०