पिंकीचं साक्षगंध

अड्याळ, १२ फेब्रुवारी

"पाहुणे येऊन राहिले म्हंजे पोरीत खोट नाही." मी पंधराची असताना, मला बघायला स्थळं यायची तेव्हा, आई म्हणाली होती. आज तेच पिंकीच्या तोंडून. दादाची मुलगी, अकरावीतली. लाखोळीच्या शेंगा सोलत म्हणाली, "आत्या, आता साक्षगंधच आहे, लगन अठरा झाल्यावर. वर्गातल्या चौघींचं झालं. माझंच नाही झालं तं लोकं मलेच नावं ठेवतीन."

"पोरगा आवडला का तुले?"

"आवडाचं काय त्यात? तू बी ना!" हसली. शेंगा सोलणं चालूच.

मी दादाशी भांडायला गेले होते. पण पोरीला लग्नाची भीती नाही, मागे राहण्याची आहे. मग मी भांडू कुणाशी?

उद्या तिलाच म्हणेन, बाबासमोर एकदा तरी 'साक्षगंध बारावी झाल्यावर करा' म्हण. ती म्हणणार नाही, तरी सांगेन.