त्रेसष्ट मैलांवरची थरथर

माँटाना, ३ जून

प्रिय ब्रिटा,

पाकिटावर माझं अक्षर बघून घाबरू नकोस. मी धडधाकट आहे, गाई धडधाकट आहेत, घराचं छप्पर अजून घरावरच आहे. हे फोनवरही सांगता आलं असतं, पण मार्चमधल्या त्या फोननंतर आपण दोघंही हवापाण्यापलीकडे काही बोलत नाही, आणि मला जे सांगायचंय ते हवापाण्यात बसवता येत नाही. विषय आहे माझ्या ट्रकची थरथर. लगेच पत्र मिटून ठेवू नकोस. तुझ्या बापाने आयुष्यात आठ-दहाच पत्रं लिहिली असतील, त्यातलं हे सगळ्यात लांब होणार आहे, तेव्हा कॉफी घेऊन बस.

दोन वर्षांपूर्वीच्या शरदात मी गसच्या दुकानातून चार नवे टायर घातले आणि त्याच आठवड्यात ट्रक थरथरायला लागला. ताशी पंचावन्न मैलांपर्यंत अगदी गरीब गाय. अठ्ठावन्नला बुडाखालून मुंग्या सुरू होतात, त्रेसष्टला आरशात मागच्या रस्त्याचे एकाचे तीन दिसतात, आणि पंचाहत्तरच्या वर गेलं की पुन्हा सगळं शांत, जणू काही झालंच नव्हतं. पेल्यातली कॉफी मी प्यायच्या आधी माझी विजार प्यायची. आपला रोल्फ तर एवढा शहाणा झाला की सत्तावन्नलाच सीटखाली डोकं खुपसायचा. काटा बघायची गरजच उरली नाही, कुत्रं बघितलं की वेग कळायचा.

टायर नवे आणि थरथर नवी, तेव्हा गुन्हेगार कोण हे सांगायला मला कोणी वकील लागला नाही. मी गसकडे गेलो. त्याने चारही चाकं काढली, यंत्रावर चढवली, शिशाचे तुकडे ठोकून बॅलन्स केली. थरथर तशीच. पुन्हा गेलो, त्याने पुन्हा केलं. तिसऱ्यांदा गेलो तेव्हा तो हात पुसत बाहेर आला आणि गिऱ्हाइकांसमोर म्हणाला, "लॉइड, टायर गोल आहेत. चारही गोल आहेत. तुझं डोकं तेवढं चौकोनी आहे, आणि त्याचं बॅलन्सिंग माझ्या दुकानात होत नाही." झालं. शाळेपासूनची दोस्ती, पण त्या दिवसापासून मी त्याच्या दुकानाची पायरी चढलो नाही. साधं पंक्चर काढायला साठ मैल लांब जायचो, तेही पंचावन्नने.

त्यानंतर मी काय काय बदललं याची यादी देत नाही, तुला दया येईल. शेजाऱ्याच्या ट्रकची चारही चाकं एक दिवस उसनी घेऊन आपल्या ट्रकला लावून बघितली. थरथर जागची हलली नाही. खरं म्हणजे तिथेच गस निर्दोष सुटत होता, पण मी शेजाऱ्याचेही टायर वाईट ठरवले आणि मोकळा झालो. शेवटी मी थरथरीशी तह केला. एक तर पंचावन्नने जायचं, नाहीतर ऐंशीच्या वर. पंचावन्नने म्हाताऱ्या यालमारच्या दफनाला निघालो, तर वाटेत खुद्द यालमारच शवगाडीतून मला मागे टाकून पुढे गेला. मी पोचलो तेव्हा लोक टोप्या घालून परत निघाले होते. मग एकदा ऐंशीच्या वरचा मार्ग धरला, तर तुझ्या वर्गातला तो खडू खाणारा कर्टिस, जो आता शेरीफच्या हाताखाली आहे, त्याने दिवे लावून थांबवलं. "मिस्टर टोलेफसन, चौऱ्याऐंशी?" मी म्हणालो, "बाबा रे, चौऱ्याऐंशीला थरथरत नाही." "आणि साठला?" "साठला थरथरतो." "मग पन्नासने चालवा." "पन्नासने चालवलं की मागचे हॉर्न वाजवतात." त्याने मान डोलावत सगळं ऐकून घेतलं आणि चलान फाडलं. कारणाच्या जागी लिहिलंय, 'चालकाच्या मते गाडीला बरं वाटावं म्हणून.' ते मी स्वयंपाकघरात लावून ठेवलंय.

आता गेल्या मंगळवारची गोष्ट. मी कुंपणाच्या तारा ओढत होतो, तेवढ्यात रस्त्यावरून एक इवलीशी निळी गाडी धूळ उडवत आली आणि फाटकाशी थांबली. आतून तुझा वेंडेल उतरला. एकटा. पांढरा शर्ट, हातात पियानो जुळवायच्या हत्यारांची ती पेटी. मला वाटलं तुझंच काही बरंवाईट सांगायला आलाय. तर हा म्हणतो, "नमस्कार, मिस्टर टोलेफसन. तुमच्या ट्रकमध्ये थोडा वेळ बसू का?"

तुला आठवत असेल, थँक्सगिव्हिंगला आला होता तेव्हा मी त्याचं काय केलं होतं. गोठ्यात त्याला बॅटरी धरायला उभा केला, तर तो गाईच्या शेपटीला धक्का लागला म्हणून गाईला सॉरी म्हणाला. ते मी जेवणाच्या टेबलावर सगळ्यांना रंगवून सांगितलं, आणि वर विचारलं, "पियानो जुळवतोस ते ठीक, पण पोटासाठी काय करतोस?" तू ताट सरकवून उठलीस. तो मात्र बसून राहिला, दुसऱ्यांदा बटाटे वाढून घेतले आणि म्हणाला, "पोटासाठीही तेच." मला तेव्हा तो निगरगट्ट वाटला होता.

तर बसलो आम्ही ट्रकमध्ये. रोल्फ मध्ये. हायवेला लागल्यावर वेंडेल म्हणाला, "कृपा करून रेडिओ बंद करा आणि बोलू नका." माझ्याच ट्रकमध्ये, ब्रिटा! सत्तावन्नला रोल्फ खाली गेला, त्रेसष्टला खिडक्या वाजायला लागल्या, आणि या माणसाने डोळे मिटून तळहात पायाखालच्या पत्र्याला टेकवला. मग पेटीतून सूर ताडून बघायचा नादकाटा काढला, गुडघ्यावर आपटला आणि त्याचा दांडा दातांत धरला. समोरून कर्टिसची गाडी आली. मी हात केला. कर्टिसने वेंडेलकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि थांबला नाही. मग वेंडेलने मला गिअर न्यूट्रलमध्ये टाकायला सांगितलं. इंजिनाचा आवाज पडला, थरथर तशीच राहिली. "म्हणजे इंजिन नाही," तो म्हणाला. एवढं मलाही ठाऊक होतं, पण मी बोलायचं नव्हतं.

ट्रक कडेला घेतल्यावर त्याने खिशातली वही काढली. म्हणाला, "तुमच्या थरथरीचा सूर गिटारच्या सगळ्यात जाड तारेचा आहे. सेकंदाला ब्याऐंशी कंपनं. त्रेसष्टच्या वेगाला तुमचं चाक सेकंदाला किती वेळा फिरतं?" आम्ही फितीने टायर मोजला, गणित केलं, अकरा आलं. "मग चाक नाही. चाक खराब असेल तर फेरीला एक धक्का देईल, अकरा धक्के म्हणजे नुसती धडधड, त्यातून सूर निघत नाही. चाकापेक्षा जोरात काय फिरतं?" मी म्हणालो, इंजिनाकडून मागच्या चाकांकडे जाणारा खालचा लांब शाफ्ट, चाकाच्या पावणेचार पट. त्याने आकडेमोड केली. एक्केचाळीस. त्याचा चेहरा पडला. "बरोबर निम्मे येतात," म्हणाला. "तुमच्या शाफ्टमध्ये एका फेरीत दोनदा झटका देईल असं काही असतं का?"

ब्रिटा, असतं. शाफ्टच्या सांध्यांत लोखंडाचे क्रॉस असतात, आणि दोन्ही टोकांचे क्रॉस एका रेषेत नसले की फेरीला बरोबर दोन झटके बसतात. हे मला वयाच्या सोळाव्या वर्षापासून माहीत आहे. आणि मला हेही आठवलं की गसकडून टायर घातले त्याच आठवड्यात शाफ्टचं मधलं बेअरिंग कुरकुरत होतं म्हणून मी शाफ्टचे दोन तुकडे सोडवले होते, बेअरिंग बदललं होतं, आणि परत जोडताना खूण केली नव्हती. खूण करायला खडू लागतो, आणि खडू आणायला घरात जायला लागतं, म्हणून.

घरी येऊन मी ट्रकखाली सरकलो. बघितलं तर अगदी तसंच. शाफ्टचे तुकडे जिथे एकमेकांत बसतात तिथले दाते दोन घरं चुकलेले, आणि दोन्ही टोकं एकमेकांकडे पाठ फिरवून बसलेली. मी तिथे गरजेपेक्षा जरा जास्त वेळ पडून राहिलो. बाहेरून आवाज आला, "मिस्टर टोलेफसन, बरे आहात ना?" आणि पाठोपाठ तो पांढऱ्या शर्टानिशी धुळीतून सरपटत माझ्या शेजारी येऊन उताणा पडला. मी त्याला चूक दाखवली. तो निरखून बघत म्हणाला, "हे असं जोडलं कोणी?" मी म्हणालो, "एका गाढवाने." "इथे जवळच राहतो का?" "फारच जवळ." मग त्याचा खांदा माझ्या खांद्याला हलत असल्याचं जाणवलं. आवाज न करता हसत होता. मलाही आवरलं नाही. दोन बाप्ये ट्रकखाली उताणे पडून खदखदतायत आणि रोल्फ वाकून बघतोय, असं ते दृश्य होतं.

दोन दाते फिरवायला वीस मिनिटं लागली. पाने वेंडेल देत होता, प्रत्येक वेळी चुकीचा, आणि प्रत्येक वेळी सॉरी म्हणून. मग हायवेला लागलो. अठ्ठावन्न, त्रेसष्ट, सत्तर. काही नाही. इतकं शांत की मला माझ्या खिडकीतून वारा शिट्टी घालतो हे दोन वर्षांत पहिल्यांदा कळलं. तसाच गावात गेलो, गसच्या दुकानात, आणि टोपी काढून म्हणालो, "टायर गोल आहेत." गस म्हणाला, "ऐकू आलं नाही, जरा मोठ्याने." दुकानात चार माणसं होती. मी मोठ्याने म्हणालो. त्याने आतून एक गिऱ्हाईक बोलावून आणलं आणि तिसऱ्यांदा म्हणायला लावलं. मग गस, वेंडेल आणि मी दुकानातल्या टायरांच्या ढिगावर बसून ॲपल पाय खाऊन उठलो.

निघताना मी वेंडेलला विचारलं, "ब्रिटाने पाठवलं का तुला?" तो म्हणाला, "नाही, तिला वाटतंय मी ड्यूलूथला चर्चचे पियानो लावतोय. ती एकदा म्हणाली, बाबांचा ट्रक थरथरतो, सहाशे मैल येववणार नाही, म्हणून ते आपल्या लग्नाला येत नाहीत. मग मी म्हटलं, ट्रक बघून येऊ." एवढंच. ब्रिटा, त्या माणसाने माझी सबब खरी मानली. तू मानली नव्हतीस, मला फोनवर तुझ्या 'बरं'वरूनच कळलं होतं. मीही मानली नव्हती. तो एकटा सहाशे मैल गाडी हाकत आला ती दुरुस्त करायला, आणि मला त्याला सांगायचा धीर झाला नाही की थरथर खरी असली तरी कारण ते नव्हतं. कारण असं की तुझी आई तिच्या त्या दंतवैद्याबरोबर पहिल्या रांगेत बसणार, त्याचे ते सगळे दात चकाकणार, आणि मी टोपी मांडीवर घेऊन एकटा बसणार. आणि दुसरं कारण, लग्न झालं की तू इकडे परत येणार नाहीस हे नक्की होणार. हे दोन्ही कोणत्याही पान्याने सुटणारं नाही, तेव्हा ते तसंच घेऊन येतो. तेरा तारखेला सकाळी निघेन, पासष्टने, संध्याकाळी दारात हजर. वेंडेलला सांगू नकोस की मी तुला सांगितलं, त्याला ड्यूलूथ नीट रंगवून सांगू दे. आणि मला पहिल्या रांगेत एक खुर्ची ठेव. दंतवैद्याच्या शेजारची असली तरी चालेल.

तुझाच,
बाबा