सहा चौकटींचं लाकूड

गडमुडशिंगी
४ फेब्रुवारी २०२४

ती. मामांस,
अनुजाचा साष्टांग नमस्कार. वि. वि.

फोनवर तुम्हाला सातचं साठ ऐकू आलं, म्हणून हे पोस्टानं. वखारीतल्या करवतीनं तुमचे कान नेले, असं आई म्हणते.

घराचं जोतं झालं. भिंती चढवायच्या आधी चौकटी उभ्या कराव्या लागतात, म्हणून गवंडी लाकूड मागतोय. आण्णा असते तर मला यात पडावं लागलं नसतं. त्यांना जाऊन तीन महिने होतील. मी रोज शिरोलीला कामावर जाते, डबा खाते, परत येते. रडू येत नाही. हिशेब मात्र येतात.

दारं सहा. प्रत्येक सात फूट उंच, साडेतीन फूट रुंद. दोन उभी, एक वरचं आडवं, एक उंबरा, म्हणजे चौकटीला एकवीस फूट. पाच बाय तीन इंची सागवानात सहा चौकटींचं तेरा घनफुटांवर थोडं होतं. आण्णांनी शिकवल्याप्रमाणे दहावा हिस्सा तूट धरली, साडेचौदा झाले. तीनदा केलं. एकदा कापलेलं लाकूड वखारवाला परत घेत नाही, म्हणून तुम्ही एकदा तपासा.

दुसरी गोष्ट अवघड आहे. अर्धांगाच्या झटक्यानंतर आईचा डावा पाय नीट उचलला जात नाही. किती उचलतो ते मी टेप लावून मोजलं. सकाळी सव्वा इंच, संध्याकाळी पाऊण. डॉक्टरांनी सांगितलेला व्यायाम आहे असं तिला खोटंच सांगितलं. उंबरा तीन इंच उंच. आता आहोत त्या घरातही ती उंबऱ्याच्या आत बसून असते, अंगणात येत नाही. नव्या घरातही तसंच झालं तर ते घर कशाला, एवढं मला कळतं. पण उंबऱ्याशिवाय घर कसं, तेही कळत नाही.

मामींना नमस्कार. चुकलं असेल तर रागवा, पण उत्तर लवकर धाडा.

तुमची भाची,
अनुजा


आजरा
८ फेब्रुवारी २०२४

चि. अनुजास,
अ. उ. आ.

पत्र पावलं. अक्काला सांग, कान गेलं तरी डोळं शाबूत हायत.

तुझी बेरीज बरोबर, पण अक्कल चुकली. आतल्या दारांना हल्ली कोण उंबरा घालतंय? तीनच बाजू लावत्यात. तिला चौकट न्हवं, तिकट म्हणायचं. पाच दारांचं साडेसतरा फूट लाकूड तू फुकट कापून घेणार हुतीस. वखारवाल्यानं तुझी आरतीच केली असती.

आता पुढचं दार. तिथं उंबरा पाहिजेच. लक्ष्मी कुठनं येणार, हळदकुंकू कुठं वाहणार, उद्या पावणं काय म्हणतील? दोन इंच फरशीत गाडायचा, वर एकच ठेवायचा. अक्काचा पाय सव्वा उचलतोय म्हणतीस, मग जमलं की. एकूण साडेबारा घनफूट सांग.

दाजी गेल्यापासनं तू जेवतीस का न्हाय, ते लिहिलं न्हाईस. डबा खाते एवढ्यानं मला कळत न्हाय. मामीनं काजू बाजूला ठेवल्यात, येताना आणतो.

माया हाय ती वाढू दे, कमी करू नको.

तुझा मामा,
पिराजी


गडमुडशिंगी
१३ फेब्रुवारी २०२४

ती. मामांस,
साष्टांग नमस्कार. वि. वि.

तिकट वाचून गवंडीसुद्धा हसला. आतल्या पाच दारांचं तुम्ही म्हणता तसंच केलं. पुढच्या दाराचं नाही. रागावू नका, आधी पूर्ण वाचा.

एक इंच उंबरा आणि सव्वा इंच पाय म्हणजे पाव इंच शिल्लक, तीही सकाळची. संध्याकाळी ती आत राहील नाहीतर पडेल. हे तुम्हाला कळवायला मी बसले होते, आणि तुमचं पत्र आईच्या हाती लागलं. तिनं चष्मा लावून सगळं वाचलं. मग म्हणाली की लाकूड मोजताना मला बी मोजलीस, पर इचारलं न्हाईस. व्यायामाचं खोटं मी कबूल केलं. ती म्हणाली, ते पहिल्याच दिवशी कळलेलं, टेप लावून कुठला व्यायाम असतोय.

मग मी विचारलं. तिचं म्हणणं असं. उंबरा नको. रांगोळी फरशीवर बी बसती. आणि दार चार फुटी कर. आण्णांना या घरातून नेताना तिरकं करावं लागलं, आणि पुढचा माणूस उंबऱ्याला अडखळला. ते तिनं बघितलं. मी तिथंच उभी होते, मामा, आणि मला आठवत नाही. कुणाच्या पायात चप्पल नव्हती, एवढंच आठवतं.

एकदा न विचारता मोजलं होतं, म्हणून या वेळी सरळच विचारलं, की हे रुंद दार तू स्वतःला न्यायला सांगतेस का. ती म्हणाली, आदी मला आत तर जाऊ दे, बाहेर काढायची घाई तुलाच झालीया. आणि हसली. झटक्यानंतर तोंड एकाच बाजूनं हसतं, पण हसली. मी टेप गुंडाळत बसले.

रात्री पुन्हा हिशेब केला. चार फुटी चौकटीतून लाकूड वजा जाता साडेतीन फूट मोकळं राहतं. तिचा हात माझ्या खांद्यावर घेऊन आम्ही दोघी शेजारी उभ्या राहिलो आणि तिनंच टेपचं दुसरं टोक धरलं. एकोणचाळीस इंच भरलो. तीन इंच उरतात.

आज वखारीत सव्वाबारा सांगून आले. शनिवारी कापतील. काजूबरोबर तुमचा रंधाही आणा. आईचा निरोप आहे की भावानं पावण्यांची काळजी करू नये, पावणं सपाट दारातनंबी येत्यात.

जेवते आहे. लोभ आहेच, तो तसाच धरून ठेवा.

तुमची,
अनुजा