श्रीदेवीच्या केसांबद्दल

अणदूर, ता. तुळजापूर
दि. १२ मार्च २०२६, गुरुवार

सौ. प्रेमाबाई विहीणबाई यांना अणदूरहून शांताक्काचा शरणु शरणार्थी.

तुमची कंबर आता कशी आहे? मागं बोललो तेव्हा उठताना भिंतीचा आधार लागतो म्हणाला होतात. एरंडेल गरम करून चोळता का नुसतं बाटलीत ठेवलंय? व्याह्यांची साखर खाली आली का? हॉटेलच्या गल्ल्यावर बसलेला माणूस चहा सोडणार कसा, हे मला कळतं, पण निदान बिनसाखरेचा घ्या म्हणावं. नंदीशच्या पायाचं प्लास्टर निघालं असेल. गाडी लगेच हातात देऊ नका. आणि ज्ञानेश्वरीला आता सातवा लागला ना? तिला आंबट खाऊ द्या, पण उन्हात शेतात पाठवू नका.

आमच्याकडं हरभरा निघाला. सिद्धाराम खताच्या दुकानात जातो येतो. आपल्या नातीची, शिवानीची परीक्षा जवळ आली आहे, नऊ आणि सातचा पाढा म्हणताना अजून अडखळते.

तुमच्या श्रीदेवीचं तुम्हाला फोनवर कळलंच आहे. संक्रांतीनंतर तिच्या डोक्यात मागच्या अंगाला जट झाली. आमच्या थोरल्या जाऊबाई गजराबाईंनी ती देवीची म्हणून ओळखली. आता चैत्री पुनवेला तुमच्या येरमाळ्याच्या यात्रेत नेऊन जटेची पूजा करायची आणि तिच्या हातात परडी द्यायची असं घरात ठरलं आहे. एकदा परडी घेतली की ती जट जन्मभर कापायची नाही, विंचरायची नाही आणि मंगळवार-शुक्रवार पाच घरं मागायची, हे मी तुम्हाला काय सांगावं. तुम्ही हिरवं लुगडं आणून ठेवलंय म्हणून सिद्धाराम म्हणाला. पुनव दोन एप्रिलला आहे. त्याआधी हे पत्र तुमच्या हातात पडावं म्हणून आज लिहायला बसले. आमच्या घरात फोन मोठ्या आवाजावर लावूनच बोलतात, आणि मला जे सांगायचं ते चौघांत बोलण्यासारखं नाही.

शाळेचं तोंड मी पाहिलं नाही. सिद्धाराम पहिलीत असताना त्याच्या पाटीवर त्याच्यासोबत शिकले. कुठं चुकलं असेल तर सांभाळून वाचा.

पहिल्यापासून सांगते. श्रीदेवीचे केस बत्तिसाव्या वर्षापासूनच भांगात पिकायला लागले, हे तुम्हाला ठाऊक आहे. तुमच्याकडचीच ती रीत, तुम्हीच हसून सांगितलं होतं. तेव्हा तिला त्याचं काही वाटत नव्हतं. नळदुर्गला कापडाच्या दुकानात साड्या दाखवायला लागली आणि मग वाटायला लागलं. एकदा तिच्याहून चार वर्षांनी मोठी बाई तिला म्हणाली, मावशी, ती वरची जांभळी काढा. घरी येऊन तिनं ही गोष्ट आम्हाला हसत सांगितली, पण त्या रात्री जेवली कमी.

मग तिनं पुडीतला काळा रंग आणून लावला. दुसऱ्या दिवशी पापण्या अशा सुजल्या की डोळे उघडेनात. सोलापूरच्या डॉक्टरनं सांगितलं की हा रंग पुन्हा डोक्याला लावायचा नाही. पार्लरमधला भारी रंग लावायचा तर निम्मा पगार तिथंच जायचा. तेव्हा मी म्हटलं, अगं, मी आहे की.

माझं औषध तुम्हाला माहीत आहे, तुम्हीही नेलं आहे. कुंपणाची मेंदी सावलीत वाळवून कुटायची. लोखंडी कढईत चहाचं काळं पाणी, आवळकाठीचा भुगा, माक्याचा रस घालून रात्रभर ठेवायची. सकाळी वर काळी साय धरली की जास्वंदीच्या पानांचा बुळबुळीत रस घालून केसांना लावायची. दोन तास ठेवून नुसत्या पाण्यानं धुवायची, शिकेकाई दुसऱ्या दिवशी. ठार काळा रंग येत नाही, तांबूस करडा येतो, पण केस मऊ राहतात आणि खर्च म्हणाल तर चहापत्तीचा. गल्लीतल्या दहा-बारा बायका माझ्याकडून नेतात. कुणाचं कधी वाईट झालं नाही. श्रीदेवीलाही दिवाळीपासून तीनदा लावलं. दुकानातल्या पोरी विचारायला लागल्या की कुठल्या पार्लरला जाता. तिनं माझं नाव सांगितलं, आणि मला लई बरं वाटलं.

इथं थांबायला पाहिजे होतं मी.

थंडीत तिचे केस गळायला लागले. एका रविवारच्या पेपरात मी वाचलं होतं की वडाच्या पारंब्या खोबरेल तेलात उकळून लावल्या तर गळती थांबते. कात्रण मी डब्यात ठेवलं होतं. पण पारंब्या तोडायला उंच चढावं लागतं. माझ्या मनानं घेतलं की झाडाचा खरा गुण तर चिकात असणार. मारुतीच्या पारावरच्या वडाची पानं खुडून वाटीभर पांढरा चीक मी गोळा केला. हाताला चिकटला, तो रॉकेलनं काढावा लागला. तरीसुद्धा माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही. तो मी मेंदीत कालवला आणि श्रीदेवीच्या डोक्याला थापला. अंबाडा बांधला, वरून फडकं गुंडाळलं.

त्या दिवशी नळ यायचा होता, तो आला नाही. मोटार जळाली होती. घरात प्यायपुरतं पाणी. दुसऱ्या दिवशी ती म्हणाली, आत्या, डोकं ओढल्यासारखं होतंय, खाज सुटलीय. मी म्हटलं, राहू दे, जितकं मुरेल तितका रंग चढेल. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी पाणी आलं. फडकं सोडलं तर मागचा सगळा अंबाडा एक गोळा झालेला. दोरखंडासारखा. बोट आत जाईना.

गजराबाई तेव्हा पाणी भरायला आमच्याच अंगणात आल्या होत्या. त्यांनी हातातली घागर खाली ठेवली. म्हणाल्या, "शांता, कात्री लावू नको. ही जट हाय. देवी दारात आलीया तुझ्या." आणि लगेच हळदी-कुंकू आणायला गेल्या.

विहीणबाई, माझे वडील सांगायचे की बैरागी वडाच्या चिकानं जटा बांधतात. लहानपणी शंभरदा ऐकलेली गोष्ट. ती मला नेमकी त्या वेळी आठवली, गजराबाई दारातून बाहेर पडत असताना. हाक मारून थांबवायचं होतं. पण मला वाटलं, हे सांगितलं तर उद्या गल्लीतल्या बायका काय म्हणतील, शांताक्कानं सुनेचं डोकं चिकटवलं म्हणून हसतील. रात्री तेल लावून सोडवू, सकाळी सगळं विसरतील. मी गप्प बसले.

रात्री आम्ही दोघींनी तेल लावून फणी चालवली. श्रीदेवी हसत होती तोवर, मला जटाधारी केलंत म्हणाली. केस सुटले नाहीत. आणि पहाटे शिवानीला ताप भरला. एकशे तीन. शाळेतली निम्मी पोरं त्या आठवड्यात तापानं पडली होती, पण ते कुणाच्या ध्यानात आलं नाही. गजराबाई म्हणाल्या, फणी लावलीत ना, बघा. सिद्धारामनं पोरीच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली की आता जटेला कुणी हात लावायचा नाही. ताप पाचव्या दिवशी उतरला, आणि त्या दिवसापासून श्रीदेवी हसायची थांबली.

दुकानातून तिला सिद्धारामनं घरी बसवलं. मालक भला आहे, पुनवेपर्यंत जागा धरून ठेवतो म्हणाला. बायका मंगळवारी येतात, तिच्या पाया पडतात. माझ्याच पिढीतल्या, माझ्याकडून मेंदी नेणाऱ्या. ती भिंतीला टेकून बसते. डोक्याला पाणी लावायचं नाही म्हणून वास येतो, आत उवा झाल्यात, मान आखडते. रात्री कूस बदलताना कण्हते ते मला पलीकडच्या खोलीत ऐकू येतं. आणि हल्ली ती रोज सकाळी शिवानीचे केस चाचपून बघते. कुठं गुंता दिसला की तिचा चेहरा उतरतो. एके दिवशी तिनं पोरीचा गुंता फणीनं काढला नाही, माझ्याकडं बघत तसाच ठेवला.

हे बघून मी बोलले. आधी सिद्धारामला. तो म्हणाला, आई, तू आता यात पडू नको, पोरीवर येईल. मग श्रीदेवीला. तिच्यापुढं कात्रण ठेवलं, वाटी ठेवली, चिकाचा वास दिला. तिनं माझा हात धरला आणि म्हणाली, "आत्या, तुमी माझ्यासाठी पाप अंगावर घेऊ नका." मी खरं सांगितलं, ते तिला माझी माया वाटली.

मग मी एक केलं. पुन्हा वाटीभर चीक काढला, मेंदीत कालवला आणि माझ्याच पांढऱ्या केसांना लावून तीन दिवस बांधून ठेवला. व्हायचं तेच झालं. सगळ्यांना बोलावून दाखवलं, म्हटलं, डोळ्यांनी बघा, हे वडाचं काम आहे, देवीचं नव्हे. गजराबाईंनी माझ्यापुढं हात जोडले. म्हणाल्या, "सुनेवर भागलं न्हाय व्हय. आता सासूलाबी धरलं." त्यांची थट्टा नव्हती हो, डोळ्यात पाणी होतं त्यांच्या. त्यांच्या थोरल्या मुलीच्या डोक्यातही लहानपणी अशीच जट झाली होती, म्हणून त्यांच्यावर राग धरून चालत नाही.

मला त्या वेळी हसू आलं, आणि मग रडू आलं. त्याच पावली मी घरातून शिवणकामाची कात्री आणली आणि माझी जट मुळापासून कापून टाकली. सगळे बघत होते. श्रीदेवी उठून उभी राहिली होती. तिच्या तोंडावर पहिल्यांदा काहीतरी हललं. महिन्याभरात हिला काय होतंय ते बघू, असं कुणीतरी म्हणालं.

त्याला आज सोळा दिवस झाले. आणि विहीणबाई, आठ दिवसांपासून मला खोकला लागला आहे. अंगात कणकण असते. दर शिमग्याला मला हे होतं, हवा बदलली की छाती धरते, एकोणसत्तर वर्षांचं शरीर आहे. पण आता मला खोकायचीसुद्धा चोरी झाली आहे. खोकला आला की मी घरामागच्या परड्यात जाऊन पदर तोंडात धरते. शिवानीनं एकदा बघितलं. तिला खडीसाखर देऊन गप्प केलं, त्याचीही लाज वाटते. दवाखान्यात गेले तर सगळ्या गावाला कळेल. मी अंथरूण धरलं तर श्रीदेवीचा निकाल लागलाच म्हणून समजा.

देवीवर माझा विश्वास नाही असं समजू नका. तुमच्या दारावरून पालखी जाते तेव्हा मीही रस्त्यावर डोकं टेकलं आहे. पण हे तिचं देणं नाही, ही माझ्या हातची चूक आहे, आणि माझी चूक तिच्या नावावर खपवायला माझी छाती होत नाही.

मंगळवारी सगळ्या बायका गेल्यावर मी श्रीदेवीला पुन्हा विचारलं. पाया पडते म्हटलं, एकदा कापू दे. तिनं माझ्या डोक्याकडं बघितलं, पोरासारखे बारीक केस झालेत माझे. मग म्हणाली, "आई म्हणाली काप, तर मी कापते. दुसऱ्या कुणाचं ऐकायची ताकद माझ्यात राहिली न्हाय."

म्हणून तुमच्याकडं आले. तुम्ही लेकीच्या भल्यासाठीच लुगडं आणून ठेवलं आहे, मी तुम्हाला दोष देत नाही. तुम्हाला खोटं कुणी सांगितलं असेल तर ते मी, आणि न बोलून सांगितलं. सोबत कागदात माझी कापलेली जट पाठवते आहे. ओंगळ वाटेल, पण उघडून बघा. जरा तापलेल्या तव्याजवळ धरा, चीक पाझरेल, हाताला चिकटेल. मग तुमच्या मनाला विचारा.

जमलं तर पुनवेच्या आत स्वतः या. कंबरेमुळं एसटीचा प्रवास होणार नसेल तर दोन ओळी लिहा, पण माझ्या नावानं नको, श्रीदेवीच्या नावानं लिहा आणि तुमच्या स्वतःच्या हातानं लिहा, नंदीशकडून लिहून घेऊ नका. तुमचं अक्षर ती ओळखते. आणि एक विनंती आहे. तुम्ही पत्र लिहायच्या आधी माझ्याबद्दल काही बरंवाईट कानावर आलं, तर ते वयानं आणि हवेनं झालं असं त्यात आधी लिहा, मग बाकीचं लिहा.

तुमचं म्हणणं माझ्यासारखं नसेल तर तेही लिहा. मी वाट बघेन. पण लवकर लिहा, पोस्टमन आमच्या गल्लीत सोमवारी आणि गुरुवारीच येतो.

विहीण म्हणवून घ्यायला आज तोंड नाही, म्हणून नुसतं नाव लिहिते.

शांता